राजरक्त आणि कडुनिंबाची काडी

एका राज्यात महाराणी हेमप्रभा आपल्या नणंदेच्या कानाशी लागून म्हणाली, "रूप घेऊन काय करायचंय, वन्सं? मी सून केली ती दात बघून."

"राज्याभिषेकापर्यंत टिकले म्हणजे मिळवली," नणंद म्हणाली.

"टिकतील. नुकतीच तर आली आहे."

हे कुणी ऐकायचं नव्हतं. पण पडद्यापलीकडे नवी सून शाल्मली ओवाळणीचं तबक घेऊन उभी होती. हललं तर पैंजण वाजतील, म्हणून ती हलली नाही.

मग तिला आठवलं. बघायला आले तेव्हा तिला कुणी गायला लावलं नव्हतं, की रांगोळी काढायला. पाहुण्यांनी सुपारी पुढे केली आणि म्हणाले, "फोड." तिने ती दाढेखाली कट्‌कन फोडली, तशी सगळी मंडळी एकमेकांकडे बघून डोलली. घोडा विकत घेताना लोक असेच डोलतात, हे तिला तेव्हाही जाणवलं होतं. ती बोलली नाही, इतकंच. मुळात ती कमीच बोलायची.

राजवाडा मोठा होता आणि त्यातलं काहीच तिला उमगत नव्हतं. तिथे हसताना सगळे तोंडावर पदर नाही तर शेला घेत. पंक्तीत भात इतका मऊ वाढत, की पंगत राजांची आहे की तान्ह्या बाळांची, कळू नये. आणि उशांना मुंग्या लागत. उशांना मुंग्या लागणारं घराणं तिने पहिल्यांदाच पाहिलं.

मुंग्यांचं कारण मात्र लवकर कळलं. मधल्या दालनात एक रांजण होता. त्यातली खडीसाखर कितीही काढली तरी संपत नसे. दिवेलागणीला राजघराण्यातल्या प्रत्येकाने त्यातला एक खडा गालात धरायचा आणि तसंच निजायचं, म्हणजे राजवाणी गोड राहते. सकाळी केवड्याच्या पाण्याने चूळ भरायची. दात घासायचे नाहीत. कारण पणजोबा महाराज एकदा दात घासत असता हिरडीतून रक्त आलं, आणि राजपुरोहितांनी निवाडा दिला की राजरक्त रणांगणाबाहेर सांडलं तर राज्य बुडेल. त्या दिवशी तटाच्या आतले सगळे कडुनिंब तोडले गेले.

शाल्मली सासूसमोर खडा गालात धरी, आणि आपल्या महाली आल्यावर खिडकीतून खाली खंदकात थुंकून देई.

तिचा नवरा युवराज जयध्वज तिच्याशी बोलत नसे. भिंतीकडे तोंड करून निजे. आपलं काय चुकलं, हे तिला कळेना. मग एका सकाळी तो वळला, तेव्हा त्याचा गाल नारिंगाएवढा सुजला होता आणि अंग तापलं होतं. तो रागावलेला नव्हता. त्याची दाढ दुखत होती.

वैद्य आले. त्यांनी दाढेत लवंग दाबली, तेवढ्यापुरता ठणका कमी झाला. मग दाढेतला किडा पडावा म्हणून त्यांनी रिंगणीच्या बियांची धुरी दिली. किडा पडला नाही. युवराजांना ठसका मात्र लागला. सगळे गेल्यावर शाल्मलीने समई जवळ धरून त्याच्या तोंडात पाहिलं. दाढेला भोक होतं. भोकात किडा नव्हता, कालची साखर होती.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"शाप आहे," जयध्वज म्हणाला. बोलताना त्याला कळ येत होती. "शर्कराक्ष नावाच्या मायावीने हा रांजण पणजोबांना दिला. अट एकच. प्रत्येक राज्याभिषेकाला या घराण्यातल्या कुणीतरी प्रजेसमोर हिरवा ऊस दातांनी सोलून दाखवायचा. ज्या दिवशी कुणालाच जमणार नाही, त्या दिवशी सिंहासन त्याचं, आणि आम्ही सगळे त्याच्या गुऱ्हाळाच्या घाण्याला."

"म्हणून मी?"

त्याने मान खाली घातली. "आईसाहेबांनाही तसंच आणलं होतं. तेव्हा त्यांचे दात मोत्यांसारखे होते, म्हणतात."

तोंडावर कायम पदर धरणारी सासू शाल्मलीच्या डोळ्यांपुढे आली.

त्या सांजेला तिने थुंकलेला खडा खाली कुणाला तरी लागला.

"कोण गं ती, खडे मारतेय!" खंदकातून आवाज आला. पाण्याकाठी आ वासून मगर पडली होती आणि तिच्या जबड्यात उभी राहून एक टिटवी बोलत होती. "मी कामात आहे, दिसत नाही? हिचे दात कोरते मी. हिने तुमचे चार-पाच सेनापती खाल्ले, पण दात एक किडला नाही."

शाल्मलीने हात जोडले. "टिटवीबाई, आमच्या घरचा शाप कसा सुटेल?"

टिटवीने मान वाकडी केली. "तीन कामं कर. झोपेतला घास सोडव. राजरक्त सांडव. मेलेलं बाहेर काढ आणि गाडून टाक." एवढं सांगून ती पुन्हा मगरीच्या जबड्यात वाकली.

पहिलं काम सोपं होतं. शाल्मलीने नवऱ्यापुढे ओंजळ धरली आणि म्हणाली, "थुंका." तो घाबरला, पण गाल इतका ठणकत होता, की थुंकला. सकाळी उशीवर मुंग्या नव्हत्या. रांजणाला एक तडा गेला होता.

दुसऱ्या कामाने मात्र तिची झोप उडाली. राजरक्त सांडायचं, आणि मेलेलं गाडायचं! म्हणजे कुणाला? तिने भिंतीवरच्या कट्यारीकडे पाहिलं. मग तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाची हळदही अजून उतरली नव्हती. ती खिडकीशी आली, पुन्हा आत गेली, पुन्हा खिडकीशी आली. खाली टिटवी दात कोरत होती आणि मगरीच्या हिरडीतून रक्ताचा एक थेंब ओघळला.

"अहो, रक्त आलं!"

"मी मधे माहेरी गेले होते," टिटवी म्हणाली. "हिरडीशी घाण साचली की हिरडी सुजते, आणि हात लागला की रक्त येतं. रक्ताला भिऊन कोरणं सोडलं तर आणखी येतं. रोज कोरलं की थांबतं. तुला काय वाटलं होतं?"

काय वाटलं होतं, ते शाल्मलीने सांगितलं नाही.

टिटवीने तटाबाहेरच्या कडुनिंबाची काडी चोचीतून आणून दिली. शाल्मलीने तिचं टोक चावून मऊ कुंचल्यासारखं केलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. त्याने हळूहळू दात घासले. फरशीवर रक्त पडलं. दासी किंचाळली. महाराणी धावल्या, त्यांच्या नणंद आत्यासाहेब धावल्या, राजपुरोहित धोतर सावरत धावले.

"राजरक्त!" आत्यासाहेब ओरडल्या. "सूनबाई, बुडवलंस गं राज्य!"

सगळे डोळे मिटून राज्य बुडण्याची वाट पाहत उभे राहिले. बराच वेळ गेला. राजपुरोहितांनी एक डोळा उघडून पाहिला. राज्य होतं तिथेच होतं. रांजणाला मात्र दुसरा तडा गेला होता. शाल्मलीने फरशी पुसली आणि कोमट मिठाचं पाणी गुळण्यांसाठी पुढे केलं. दुसऱ्या दिवशी रक्त कमी आलं. पंधरवडा सरला आणि यायचं थांबलं.

पण गाल उतरेना. काडीने हिरड्या सुधारल्या, मेलेली दाढ काही जिवंत झाली नाही. आता तिसरं काम तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तिने रेशमी दोऱ्याचं एक टोक दाढेला बांधलं, दुसरं टोक खिडकीतून खाली मगरीच्या शेपटीला. "डोळे मिटा," ती नवऱ्याला म्हणाली. "दुखेल?" "हो." टिटवी मगरीच्या कानाशी गेली आणि म्हणाली, "पलीकडे म्हैस पाण्यात उतरलीय."

मगरीने झेप घेतली आणि दाढ उपटून आली. पू वाहून गेला, सांजेपर्यंत ताप उतरला. दाढ तटाबाहेर कडुनिंबाखाली पुरली, आणि रांजणाला तिसरा तडा बुडापर्यंत गेला.

राज्याभिषेकाचा दिवस उजाडला. चौघडे वाजत होते, प्रजा जमली होती, आणि शर्कराक्ष हातात हिरवा ऊस घेऊन भर दरबारात आला. त्याचं हसू फार गोड होतं.

"या घराण्यात आहे का कुणाला दात?"

महाराणींनी शाल्मलीच्या पाठीला हात लावला. "सूनबाई, पुढे हो."

शाल्मली पुढे झाली. तिने ऊस घेतला, आणि चालत जाऊन नवऱ्याच्या हातात दिला.

"अगं!" आत्यासाहेब उठून उभ्या राहिल्या.

जयध्वजने सगळ्यांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि दाढ गेलेली बाजू राखून दुसऱ्या बाजूने ऊस चावला. कर्रकन सालीची लांब पट्टी निघाली. मग दुसरी. मग तिसरी. रस हनुवटीवर ओघळला. त्यात रक्त नव्हतं.

दालनात रांजण फुटला. शर्कराक्ष उभ्या जागी विरघळला आणि फरशीवर एक चिकट डाग उरला. तो दासींनी गरम पाण्याने पुसला.

नवा राजा सिंहासनावर बसला आणि तोंडावर शेला न घेता हसला. एक दाढ नव्हती, ती सगळ्या प्रजेने पाहिली. तटाच्या आत पुन्हा कडुनिंब लावायची आज्ञा निघाली.

दुपारी महाराणी आणि आत्यासाहेब आपल्या महाली बसल्या होत्या. शाप सुटला होता, तरी सवयीने दोघींचा पदर तोंडावरच होता. शाल्मली आत आली. हातात कडुनिंबाच्या काड्यांची जुडी, मिठाच्या पाण्याचा तांब्या आणि पेटलेली समई. सून होऊन आल्यापासून तिचा आवाज या दोघींनी जवळजवळ ऐकलाच नव्हता. तिने समई खाली ठेवली आणि ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

"आईसाहेब, आत्यासाहेब," ती म्हणाली, "माझे दात बघून तुम्ही मला आणलंत, ते मी पडद्याआडून ऐकलं होतं. पदर काढा. आता तुमचे दाखवा."