नगराध्यक्षांची टोपी

अमेरिकेतल्या एका लहानशा गावात विनिफ्रेडबाईंनी सारा जन्म ग्रंथालयात काढला. पुस्तक फाटलं की त्या खळ लावून चिकटवायच्या, पण पोरांना "हात लावू नका" असं कधी म्हणाल्या नाहीत.

एके दिवशी नवे नगराध्यक्ष प्रेस्कॉट तपासणीला आले. देवमाशांच्या एका जुन्या पुस्तकावर जॅमची जांभळी बोटं उमटलेली बघून ते कडाडले, "कुणाचे हे प्रताप? त्या कार्ट्याला पुन्हा या दारात पाऊल ठेवू द्याल, तर तुम्हीही घरी बसाल!"

बाई उठल्या. खुंटीवरची साहेबांची टोपी काढून त्यांनी त्यांच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.

"हे काय?"

"तुमचाच हुकूम, साहेब. ते कार्टं तुम्हीच."

साहेब पुन्हा त्या जांभळ्या बोटांकडे बघू लागले. बाई हळूच म्हणाल्या, "तुझी आई दवाखान्यात होती. जॅम-पाव खात दिवसभर इथंच बसायचास, हेच पुस्तक घेऊन. तेव्हाही मी तुला हाकललं नाही."

साहेबांनी टोपी गुपचूप खुंटीला लावली. मग खाली मान घालून विचारलं, "बाई, हे घरी नेऊ?"

"ने की. पण आधी हात धू."