ढगातला काटा

फार वर्षांपूर्वी, विमानं ठेवायच्या हँगरमध्ये टिपणीसबाईंच्या विमानाच्या इंजिनाचं तेल बदलणं चाललं होतं, त्या सकाळी बातमी आली. त्याच्या जोडीचं विमान ढगात डोंगरावर आदळलं होतं. त्या दुसऱ्या विमानाच्या वैमानिकाने शेवटपर्यंत आपल्या कानाचंच, म्हणजे कानाच्या आत असलेल्या तोलाच्या जाणिवेचंच ऐकलं होतं.

आठवड्याने टिपणीसबाई आपलं विमान घेऊन ढगात शिरल्या. बाहेर काहीच दिसेना. तेवढ्यात वळण दाखवणारा छोटा काटा डावीकडे कलला.

"सरळच चाललोय आपण," बाईंचा कान काट्याला म्हणाला. "मी यांच्या जन्मापासूनचा सोबती. तू परवा बसवलेला."

"असेन. पण आपण डावीकडे वळतोय, आणि तिकडे डोंगर आहे."

"बाई, हा बिघडलाय."

"हव्या तेवढ्या शिव्या दे," काटा म्हणाला. "मी हलणार नाही."

बाईंनी शेजारचा दिशादर्शक पाहिला. तोही डावीकडे वळण दाखवत होता. काटा मध्यावर येईपर्यंत त्यांनी विमान उजवीकडे आणलं.

"आता उजवीकडे पडतोय आपण," कान कळवळला.

"वाटू दे तुला," बाई म्हणाल्या आणि नजर यंत्रांवरच ठेवली.

ढग संपला तेव्हा डोंगर डाव्या अंगाला मागे पडत होता.

जोडीच्या विमानातल्या काट्याला, शेवटी तुझ्याकडे कोणी पाहिलं का, एवढंच या काट्याला विचारायचं होतं. ते राहून गेलं.