एकशे एकवीस पायऱ्यांचा बिल्ला

"चालता येत नाही ना तुझ्या बापाला? मग स्वतःच्या पायांनी वर येऊन तसं सांगू दे मला!" राजा रणधवल गरजला.

भिवरा आ वासून बघतच राहिली. आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं!

गोष्ट साधी होती. मेघगडच्या पेठेत गाड्या न्यायला बंदी. सगळ्यांनी गाड्या नदीकाठच्या गाडीतळावर सोडायच्या आणि अर्धा कोस चालत यायचं. मात्र पायांनी अधू असलेल्यांसाठी पेठेच्या तोंडाशी, वडाखाली बारा जागा राखलेल्या; त्यांतल्या अकरा भरलेल्या. त्या जागेसाठी तांब्याचा बिल्ला लागे आणि तो खुद्द राजाच देई, गडावरच्या सदरेत, एकशे एकवीस पायऱ्या चढून आलेल्याला! पूर्वी लोक डोलीत कण्हत वर यायचे आणि बिल्ला मिळाला की उड्या मारत उतरायचे. म्हणून राजानं डोली बंद केली, पाठकुळीही बंद केली. एकदा बंद म्हणजे बंद. हट्टाला पेटला की तो सख्ख्या आईचंही ऐकत नसे.

भिवराचे वडील सोमाजी कासार. तीन महिन्यांपूर्वी गाडीचं चाक पायांवरून गेलं आणि गुडघ्याखाली दोन्ही पाय लुळे पडले. पण हात? तो तसाच जादूचा! कितीही निबर मनगट असो, सोमाजीनं बांगडी चढवली की बाईला कळायचंही नाही. भिवरा चढवायला गेली की तिनांतली एक फुटायची आणि गिऱ्हाईक ओरडायचं ते वेगळंच. सोमाजी पेठेत बसला नाही तर घरची चूल पेटत नव्हती. त्याहून वाईट म्हणजे तो दिवसभर आढ्याकडे बघत पडून राही, आणि ते भिवराला बघवत नसे.

"महाराज, आबा चढून आले तर तुम्ही म्हणाल, चालता येतं, बिल्ला कशाला? आणि नाही आले तर म्हणाल, अर्जदार कुठाय? मग त्यांनी करायचं तरी काय?"

दरबारात खसखस पिकली. राजाच्या कपाळाला आठी पडली.

"फार तुरुतुरु चालते गं जीभ तुझी! ठीक. तुझा बाप वर येणार नाही, मी खाली उतरणार नाही, आणि साक्षीदाराचा एक शब्द मी ऐकणार नाही. तरी त्याला चालता येत नाही, हे मला उद्या इथं बसल्या बसल्या दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर त्याचा छकडा पुन्हा पेठेच्या आसपास फिरकायचा नाही!"

झालं! राजाचा मेहुणा भुजंगराव मिशीत हसला. त्याचा घोड्यांचा टांगा वडाखालीच तर उभा असे.

भिवरानं पायऱ्यांवर उघडणाऱ्या खिडकीकडे पाहिलं. राजाचं आसन अगदी त्या खिडकीला लागून होतं. भिवरा हळूच म्हणाली, "कबूल, महाराज. फक्त एक दवंडी पिटू द्या. जुने बिल्ले रद्द. उद्या सकाळी नवे मिळतील, आणि जो आधी वर येईल त्याला बुंध्याजवळची गार सावली."

"एवढंच? पिटा दवंडी!"

घरी येऊन तिनं वडिलांना बजावलं, "आबा, दवंडी कानावर आली तरी तुम्ही घरीच थांबा. मी बघते."

सकाळी राजा खिडकीशी बसला. भिवरा शेजारी उभी. नगारा वाजला मात्र, आणि पायऱ्यांवर अशी काही झुंबड उडाली की विचारू नका! वडाखालचे अकराही गाडीवाले धोतरं सावरत सुटले. सगळ्यांच्या पुढे भुजंगराव, तीन-तीन पायऱ्या एका ढांगेत! त्याची चांदीच्या मुठीची काठी खालीच राहिली होती. मागच्यानं त्याचा शेला ओढला, त्यानं मागच्याला कोपर मारलं, आणि दोघंही सदरेत येऊन आदळले.

समोर राजा दिसला तसे सगळे एकदम लंगडू लागले.

"भुजंगराव," राजा सावकाश म्हणाला, "मागच्या वर्षी तुमचा उजवा पाय अधू होता. आज डावा?"

"ते... दुखणं फिरतं आहे, महाराज!"

राजाला हसू येत होतं, पण त्यानं ते दाबलं. "पोरी, हे अकरा झाले. पण तुझा बाप कुठं दिसला?"

"एवढ्या आमिषालाही जो पळत आला नाही, तोच खरा अधू, महाराज! ते घरी..." म्हणत भिवरानं खाली पाहिलं, आणि चौकट धरून ती पुढे वाकली.

सोमाजी आला होता. लेकीचं ऐकेल तर तो सोमाजी कसला! बिल्ल्याच्या आशेनं कुणाच्या तरी गाडीतून तो पायथ्याशी पोचला होता आणि हातांवर अंग ओढत नवव्या पायरीवर येऊन बसला होता. तळहात सोलवटले होते. त्यानं धोतरानं रक्त पुसलं आणि दहाव्या पायरीला हात घातला. भिवराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

राजा खिडकीतून वाकला. मग त्याच्या हट्टानं पुन्हा डोकं वर काढलं.

"नाटक कशावरून नसेल?"

भिवरानं डोळे पुसले आणि ताठ मानेनं म्हणाली, "नाटक करणारे अकराजण केव्हाच वर आलेत, महाराज! तुमच्या पायऱ्यांनी आजवर वडाखाली फक्त धडधाकट माणसंच निवडून बसवली!"

भुजंगराव आता दोन्ही पायांनी लंगडावं की काय, या विचारात पडला.

आणि राजा हसला! असा हसला, की पगडी कलली तरी त्याला भान नव्हतं. "हरलो, पोरी, हरलो! बिल्ला आण रे! मीच नेऊन देतो त्याला."

"थांबा, महाराज! डोली बंद आहे, बरं का!"

"माहीत आहे गं!" म्हणत राजा तरातरा उतरला, आणि त्याच्या मागोमाग भिवरा. दहाव्या पायरीवर त्यानं सोमाजीच्या गळ्यात बिल्ला घातला, बुंध्याजवळची जागा कायमची दिली, आणि राजवाड्यातल्या सगळ्या बांगड्या यापुढे सोमाजीच भरेल असं जाहीर केलं. अकरा गाड्या तिथल्या तिथं गाडीतळावर धाडल्या.

मग राजा परत चढू लागला. पन्नासाव्या पायरीवर त्याला धाप लागली. साठाव्या पायरीवर त्यानं चक्क बसकण मारली, आणि घाम पुसत ओरडला, "दिवाणजी! उद्यापासून बिल्ल्याची कचेरी खाली, वडाच्या पारावर!"

खालून भिवराचा खणखणीत आवाज आला, "महाराज, मग वडाखाली एक जागा तुमच्यासाठीही राखू का?"

राजा तिथंच पायरीवर बसून पोट धरधरून हसला, आणि त्या हसण्यानं त्याचा उरलासुरला दमही गेला.