राजाची दाढ आणि महाद्वाराची हाक

एका राज्यात नगराच्या महाद्वाराला ना कडी होती, ना कुलूप. ते उघडे फक्त राजाच्या हाकेने. रोज सकाळी राजा मेधाकर बुरुजावर उभा राही, तोंड भरून "उघड, बाई, उघड" अशी हाक देई, आणि हत्तींनाही न हलणारे ते दार देवघराच्या दारासारखे अलगद उघडे.

मेधाकर म्हातारा होता आणि फार शिकलेला होता. चौदा विद्या त्याला येत, चौसष्ट कलांवर त्याने ग्रंथ लिहिले होते. एकच गोष्ट त्याला जमत नसे, दात दाखवायला जाणे.

तरुणपणी त्याने एका मायावी राक्षसाचा खजिना जिंकला होता. त्यात पाचूच्या बरणीत खडीसाखर होती. बरणीवर शाप होता, पण तो दिसत नव्हता. राजाने एक खडा तोंडात टाकला, तो गोड लागला, आणि राजा ते विसरून गेला. पुढे कधीतरी उजवीकडची दाढ ठणकू लागली. गाल सुजला, जबडा आखडला, हाक अर्धवट येऊ लागली. दार आधी अर्धेच उघडे, मग माणूस आडवा होऊन जाईल इतके, आणि एके दिवशी ते हललेच नाही.

नगरातल्या मनोऱ्यात वज्रनखी नावाची जादूगारीण राहत होती. दात काढणे ही तिची विद्या. तिचे नाव निघाले की राजाच्या डोक्यात एक आवाज बोले, शांत, समंजस, अभ्यासू आवाज: 'आज नको. आज ठणका कमी आहे. उद्या विचार करू.' राजाला तो स्वतःचा विवेक वाटे. आयुष्यभर त्याने विवेकाचे ऐकले होते. आताही ऐकले.

मग अमावास्या आली. दुपार कलताना एक साळुंकी तट ओलांडून भर्रकन आली आणि राजाच्या खांद्यावर बसली. ती राजकन्या तरंगिणीची साळुंकी. तिला माणसांची भाषा येई आणि तिची जीभ तिखट होती.

"महाराज, राजकन्या सफरीहून परतल्या. दाराबाहेर उभ्या आहेत."

राजाने बुरुजावरून मावळतीकडे पाहिले. त्या मायावी राक्षसाने मरताना एक धुके मागे ठेवले होते. अमावास्येचा सूर्य बुडाला की ते तटाबाहेर उतरे, आणि त्यात सापडेल तो दगड होई. तटाबाहेर हरणांचे आणि वाटसरूंचे दगड पुष्कळ होते.

"तटावरून दोर सोडा," राजा सुजल्या गालातून कसेबसे म्हणाला.

"सोडला. दोर सोडला की तट दोराहून उंच होतो. आपणच तसं ग्रंथात लिहिलंय. वाचताना मला झोप लागली, पण तेवढं आठवतं."

"दुसऱ्या कुणाची हाक?"

"सेनापती सकाळपासून ओरडताहेत. दार ढिम्म आहे."

राजाने खाली पाहिले. तरंगिणीने हात हलवला. निवांत उभी होती. बाबा दार उघडणार नाहीत, हे तिच्या मनातही आले नव्हते.

तेव्हा राजा निघाला. त्याच्यापुढे तीन कामे होती. मनोरा चढायचा, खुर्चीत बसायचे, तोंड उघडायचे. याहून अवघड कामे त्या राज्यात कुणाच्या वाट्याला आली नव्हती.

मनोऱ्याचा जिना मायावी होता. चढणारा जितक्यांदा मागे फिरायचे मनात आणी, तितक्या पायऱ्या वाढत. राजा चढू लागला, आणि जिना ढगांत जाऊन पोचला.

"महाराज," साळुंकी म्हणाली, "राजकन्येचा पहिला दात पडला, तेव्हा काय झालं होतं?"

"तिने तो कौलांवर फेकला," राजा धापा टाकत म्हणाला. "डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता."

"मग रडलं कोण?"

"मी."

एवढे बोलेपर्यंत जिना संपला होता.

आत मगरीच्या जबड्याची खुर्ची होती, दोन्ही बाजूंना दात असलेली. शेजारी एक ठेंगणी बाई हात धूत होती. राजाने आधी तिची नखे पाहिली. ती मुळापर्यंत कापलेली होती.

"तू वज्रनखी ना? मग नखं कुठे आहेत?"

"लोकांच्या तोंडात हात घालायचा असतो, राजा. वाढवून कसं चालेल? बैस."

'बसू नकोस,' आवाज म्हणाला. 'एकदा बसलास की सुटका नाही.'

"मला भीती वाटते," राजा म्हणाला. हे वाक्य त्याने जन्मात पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले होते.

"मलाही वाटते. दात तुझे आहेत, बोटं माझी आहेत. दुखलं तर हात वर कर. मी थांबेन."

राजा बसला. खुर्चीने त्याला गिळले नाही.

सूर्य तटाला टेकला. राजाने तोंड उघडायला घेतले, ते बोटभर उघडले, आणि आवाज कवटीत घुमू लागला: 'ती जबडा मोडील! हात वर कर!' राजाचा हात वर गेला.

वज्रनखी तत्क्षणी थांबली. दोन पावले मागे सरून उभी राहिली.

राजा चकित झाला. सुटका तर होती. मग आवाज खोटे का बोलला?

"सूर्य बुडाला, धुकं उतरलं," खिडकीतून साळुंकी म्हणाली. "पायाशी पोचलंय त्यांच्या."

राजाने हात खाली घेतला. वज्रनखीने लवंगेच्या तेलाचा एक थेंब दाढेवर सोडला. 'उद्या,' आवाज म्हणाला, 'उद्या शांतपणे विचार...' आणि त्याला जोराचा ठसका लागला.

राजा ताठ झाला. लवंग आपल्या दाढेत, आणि ठसका आपल्या विवेकाला? मग हा विवेक नव्हेच. इतकी वर्षे दाढेत बसून बोलणारा हा दुसराच कुणीतरी होता, आणि आपण त्याला रोज भिऊन भिऊन पोसत होतो.

राजाला असा संताप आला की आखडलेला जबडा कटकन सुटला आणि तोंड सताड उघडले. वज्रनखीचा चिमटा आत गेला. एकदा हिसका, दोनदा हिसका, राजाच्या डोळ्यांपुढे सगळी नक्षत्रे फिरली. हात वर गेला नाही. तिसऱ्या हिसक्याला दाढ बाहेर आली.

तिच्या पोकळीत एक कीड होती, तिळाएवढी. "उद्या, उद्या," ती डासाच्या आवाजात म्हणत होती. साळुंकीने तिला टिपले.

"कशी लागली?" वज्रनखीने साळुंकीला विचारले.

"गोड."

राजा खिडकीशी धावला. तरंगिणीच्या शालूचा काठ दगडाचा झाला होता. राजाने रक्त थुंकले, छाती भरून घेतली आणि हाक दिली. ती हाक मनोऱ्यावरून निघाली, दारावर आदळली, दार उघडून पुढे गेली आणि धुके फाडत नदीपार पोचली. धुके विरले. शालूचा काठ पुन्हा मऊ झाला. हरणे दगडी कात टाकून उधळली, आणि वाटसरू डोळे चोळत विचारू लागले, बाजार अजून भरला आहे का.

तरंगिणी धावतच जिना चढून आली. तिच्यासाठी पायऱ्या थोड्याच निघाल्या.

"बाबा, फार दुखलं?"

"दुखलं," राजा म्हणाला. "पण मला वाटलं होतं तेवढं नाही."

"थंडीत पुन्हा दाखवायला ये," वज्रनखी चिमटा पुसत म्हणाली. "डावीकडची एक काळी दिसते आहे."

राजाने आत कान देऊन ऐकले. आत एकच आवाज होता, त्याचा स्वतःचा, आणि तोही थरथरत होता.

"तरंगिणी, तू सोबत येशील?"

"येईन, बाबा."

"मग येतो," राजा म्हणाला.

थंडी आली, आणि राजा गेला. त्या राज्याचे दार आजही रोज सकाळी पुरते उघडते.