आप्पांची गूळतुला

एकदा एका बाजारपेठेच्या गावात एक वृद्ध गृहस्थ राहत होते. गाव त्यांना आप्पा म्हणे. वजनमापांचे सरकारी निरीक्षक म्हणून त्यांची सारी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली होती. निवृत्त अधिकाऱ्याचा दरारा सहसा निरोपसमारंभातल्या हाराबरोबर सुकतो. आप्पांचा सुकला नव्हता. ते नुसते मेथीची जुडी आणायला निघाले, तरी मंडईतले काटे आपोआप सरळ होत. घरात मात्र हा माणूस अगदीच निराळा. नातीच्या वेण्या घालाव्यात, पत्नीसोबत शेंगा सोलत बसावे, सासरी गेलेल्या लेकीच्या फोनची वाट पाहावी, यात त्यांचा दिवस मजेत जाई.

त्यांच्याकडे दर रविवारी एक तरुण येई. त्याच खात्यात नुकताच निरीक्षक झालेला आणि आप्पांना गुरू मानणारा. सचोटीचा होता, पण ती सचोटी त्याने जरा जास्तच मनावर घेतली होती. गावाकडे एकटी राहणारी त्याची आई "मला तुझ्याकडे ने" म्हणून विनवीत होती, आणि तो टाळत होता.

"आई आली की शेजारपाजार येणार," त्याने आप्पांना सांगितले. "मग कोणी तिच्या हाती मिठाई ठेवणार, कोणी शिफारस सांगणार. तिला नाही म्हणता येत नाही. आपल्या कामात माणसाने एकटंच राहावं, आप्पा. यंदाही येऊ नकोस, असं तिला सांगून टाकतो."

आप्पा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "पुढच्या रविवारी माझी गूळतुला आहे," ते म्हणाले. "पंच म्हणून काट्यापाशी उभा राहा. मग काय सांगायचं ते सांग."

आप्पांना एक्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. एका पारड्यात आप्पा आणि दुसऱ्यात गूळ असे तोलून तो गूळ गावात वाटायचा, हा मुलांचा बेत होता. त्यासाठी वखारीतला मोठा तराजू एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने दिला होता. आप्पांनी एकेकाळी यालाच खोट्या मापाबद्दल दंड ठोठावला होता, त्यामुळे आज त्याच्या आनंदाला पारावार नव्हता. "साहेब, जन्मभर तुम्ही माझा काटा तपासलात," तो म्हणाला. "आज माझा काटा तुम्हाला तपासणार."

आप्पांनी आधी रिकामा तराजू पारखून पाहिला. एक पारडे किंचित खाली जात होते. त्यांनी दुसऱ्याला खडा बांधून काटा सरळ केला, तेव्हा मांडवात हशा पिकला. मग त्यांनी शाल काढली, घड्याळ काढले, चष्मासुद्धा नातीच्या हाती दिला आणि ते पारड्यात बसले. मुलांनी एकेक ढेप चढवली. काटा मधोमध आला. भटजी मंत्र म्हणू लागले.

"थांबा," आप्पा म्हणाले. "वजन चुकलंय. कमी भरलंय."

त्यांनी पत्नीला हाक मारली. "अगं, ये. बैस इथे."

"काहीतरीच काय," ती म्हणाली. "लोक हसतील."

"हसू देत."

ती बसली. मग त्यांनी तुलेसाठी माहेरी आलेल्या लेकीला बोलावले. शेवटी नात, त्यांचा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवून, आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली. पारडे धाडकन खाली आले. गूळ संपला, मुले आणखी ढेपा आणायला पळाली, आणि गूळ त्याच्याच दुकानातून येणार म्हणून व्यापारी अधिकच खूश झाला.

तरुण निरीक्षकाला मात्र राहवेना. "आप्पा, गूळतुला तुमची आहे. तुम्ही पारड्यात भलतंच वजन घालता आहात. पंच म्हणून मला हे मान्य नाही."

आप्पांना हे ऐकून बरे वाटले. "शाबास," ते म्हणाले. "आता सांग, पोत्याचा अर्धा भाग पारड्याबाहेर जमिनीला टेकला असेल, तर ते वजन खरं का?"

"नाही."

"मग? माझ्या सचोटीचे सत्कार झाले. पण मी लाच नाकारली ती कचेरीत, आणि हिने नाकारली स्वयंपाकघरात, फोडणीपुरतं तेल नसताना. दर बदलीला ही लेक शाळा आणि मैत्रिणी सोडून माझ्यामागून आली. रडत आली, पण आली. मी एकटा असतो, तर कधीच कोणीतरी मला उचलून खिशात घातलं असतं. एकटा माणूस फार हलका असतो रे. मला एकट्याला तोलाल, तर माझा अर्धा भाग बाहेरच राहील."

व्यापाऱ्याने घसा खाकरला. "खरं आहे. साहेबांचं नंतर, मी आधी वहिनींपुढे हरलो. तुपाचा डबा घेऊन मागच्या दाराने गेलो होतो. त्यांनी मला ग्लासभर ताक पाजलं आणि डब्यासकट परत पाठवलं."

"ताक आंबट होतं," आप्पांची पत्नी म्हणाली. "मला अजून वाईट वाटतं."

सारा मांडव हसला. नव्या ढेपा आल्या, काटा पुन्हा मधोमध आला. आप्पांनी पंचाकडे पाहिले. तरुणाने वाकून काटा तपासला.

"आता बरोबर आहे," तो म्हणाला.

निघताना आप्पांनी त्याच्या हातावर गुळाचे दोन खडे ठेवले. तो खोलीवर गेलाच नाही. सरळ बसस्थानकावर गेला आणि दिवेलागणीला आईच्या दारात उभा राहिला.

आईने गूळ तोंडात टाकला आणि विचारले, "किती दिवसांची रजा?"

"रजा नाही. तुला न्यायला आलोय."

ती पदराने डोळे पुसत लगबगीने आत गेली. "खलबत्ता घेते," आतून तिचा आवाज आला. "तुझ्या खोलीत नसेलच. आणि पाटही."

सकाळी त्याने पिशव्या उचलल्या. चांगल्याच जड होत्या. किती, याचा विचार त्या निरीक्षकाच्या मनातही आला नाही.