लिब्रादाबाईंची खरवड

“ही वाट कुणासाठी घातली आहे, ठाऊक आहे ना तुला?”

ओतिलिया जागच्या जागी थबकली. तिनं खाली पाहिलं. फाटकापासून घराच्या दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची पिवळीजर्द वाट घातली होती, आणि तिच्या शहरी बुटांनी ती मधोमध तुडवली होती.

“मेलेल्यांसाठी, बाई,” ती ओशाळून म्हणाली.

“मग? कधी गेलीस तू? मला कुणी कळवलंसुद्धा नाही.”

दारात लिब्रादाबाई उभ्या होत्या. हातात डाव, कमरेला मळकट फडकं, आणि चेहऱ्यावर हसू नावाला नाही. त्या अशाच थट्टा करत. समोरच्याला कळेपर्यंत त्याला घाम फुटलेला असे.

मेक्सिकोतल्या ओकोताल नावाच्या डोंगरी गावातली ही गोष्ट. तिकडे नोव्हेंबर लागला की घरोघरची मेलेली माणसं जेवायला येतात. आपल्याकडे पितरांना पान वाढतात, तसंच काहीसं. फरक एवढाच, की तिकडे कावळ्याची मनधरणी करावी लागत नाही. पाहुण्यांचा रस्ता चुकू नये म्हणून झेंडूची वाट घालायची, आत वेदी मांडायची, तिच्यावर एकेकाची तसबीर आणि तसबिरीपुढे ज्याच्या त्याच्या आवडीचा पदार्थ. दुसऱ्या दिवशी भर दुपारी चर्चची घंटा वाजली की पाहुणे निघतात. तोवर त्या अन्नाला जिवंत माणसानं हात लावायचा नाही.

ओतिलिया याच गावात वाढलेली. तिला हे सगळं पाठ होतं. पण ती सकाळच्या गाडीनं आली होती, दुपारच्या गाडीनं तिला परत जायचं होतं, आणि घाईतल्या माणसाला फुलंबिलं दिसत नाहीत.

“आत ये,” बाई म्हणाल्या. “आता अर्धी तुडवलीच आहेस, तर उरलेली कशाला सोडतेस?”

लिब्रादाबाईंनी त्या डोंगरात मुलींची पहिली शाळा काढली होती. पोरींसाठी वाचनाचं पुस्तक लिहिलं होतं. बायकांनी बायकांसाठी लिहिलेलं एक साप्ताहिक चालवलं होतं आणि त्यातल्या एका लेखापायी कोठडीही पाहिली होती. आता सत्तरी उलटली होती. शाळेचा सुवर्णमहोत्सव तोंडावर आला होता.

ओतिलिया त्यांची विद्यार्थिनी. आता राजधानीत, शिक्षिका घडवणाऱ्या विद्यालयात शिकवत होती, आणि हे कुणी विसरू नये याची काळजी घेत होती. तिनं बाईंचं चरित्र लिहिलं होतं. तीन वर्षं खपून. छापखाना खोळंबला होता. समितीचं म्हणणं एवढंच, की पहिल्या पानावर खुद्द बाईंची एक ओळ हवी. ती उद्या मिळाली नाही, तर महोत्सवाला पुस्तक नाही.

हे झालं समितीचं. ओतिलियाला ती ओळ वेगळ्याच कारणासाठी हवी होती. शाळेत असताना बाईंनी सगळ्या पोरींना कधी ना कधी शाबासकी दिली होती. हिला कधीच नाही. पहिली आली तेव्हाही नाही. हे दुखणं तिनं राजधानीपर्यंत जपून नेलं होतं.

तिनं पिशवीतून जाडजूड बाड काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

बाईंनी फडक्याला हात पुसले. वरचं पान डोळ्यांजवळ नेलं.

“‘लिब्रादा : एक दीपस्तंभ’,” त्यांनी वाचलं. “...ओकोतालला समुद्र कुठे आहे गं?”

“ती उपमा आहे, बाई.”

“असं होय. वाच पुढचं.”

ओतिलियानं घसा साफ केला. हे पान तिनं कितीदा तरी घासूनपुसून लिहिलं होतं. “‘त्या कधी थकल्या नाहीत. कधी रागावल्या नाहीत. कधी चुकल्या नाहीत. संकटापुढे त्यांचे डोळे कधी ओलावले नाहीत...’”

बाईंनी कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर बोटं टेकून क्रूस केला.

“बिचारी!” त्या म्हणाल्या. “केव्हा गेली?”

बाईंनी बाड तिच्या हातातून अलगद घेतलं. वेदीपाशी गेल्या. तसबिरी थोड्या सरकवल्या, आपल्या आईच्या आणि तापात गेलेल्या एका विद्यार्थिनीच्या मधे जागा केली, आणि ते तिथे उभं ठेवून दिलं. शेजारी एक मेणबत्तीही लावली.

“बाई! अहो, तुम्ही जिवंत आहात!”

“मी आहे. हिचं म्हणतेय मी.”

मग त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि कमरेवर हात ठेवून वेदी न्याहाळू लागल्या. तिखट रश्श्याची वाटी आईपुढे होती. पेरू त्या पोरीपुढे. बाडापुढे काहीच नव्हतं.

“आता हिच्यापुढे काय ठेवायचं?”

“म्हणजे?”

“पाहुणी आहे. उपाशी कशी पाठवू? हिला काय आवडायचं?”

एवढ्या पानांमध्ये कुठे आहे का, म्हणून ओतिलिया मनातल्या मनात पानं उलटू लागली. शाळेची पायाभरणी होती. साप्ताहिकाचा पहिला अंक होता. मंत्र्यांनी केलेला गौरव होता...

“साधेपणा,” शेवटी ती म्हणाली.

“साधेपणा शिजवून वाढता येत नाही गं.”

ओतिलियाचे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून ती वेदीकडे वळली, आणि तिथली एक तसबीर बघून तिचे डोळे विस्फारले. काळा झगा, मिशीवर तावातावाचा भाव. पुढ्यात गुळात शिजवलेल्या भोपळ्याची भलीमोठी फोड.

“हे... हे पाद्री अनास्तासिओ? इथे?”

“मग कुठे असणार? त्यांना दुसरं घर कुठलं?”

“पण यांनी तुमच्या शाळेविरुद्ध प्रवचनं दिली! पोरी शिकल्या तर बिघडतील म्हणाले! बाई, मी यांच्यावर तीन प्रकरणं लिहिली आहेत.”

“दर रविवारी प्रवचन द्यायचे,” बाईंनी मान डोलावली. “आणि दर शुक्रवारी माझ्या स्वयंपाकघरात यायचे. भोपळ्यासाठी. तोंड भरलेलं असतानाही भांडायचे. मीही भांडायची. अख्खी आळी खिडक्या उघडून ऐकायची.”

“हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत!”

“तू शाळा कोणत्या साली निघाली ते विचारलंस. मी साल सांगितलं.”

“आणि कोठडी? तिथे तरी तुम्ही ताठ मानेनं...”

“कोठडीत ढेकूण होते.”

“...म्हणजे?”

“म्हणजे मी रात्रभर किंचाळत होते. शिपायांना झोप लागेना. सकाळी त्यांनीच साहेबाच्या हातापाया पडून मला बाहेर काढलं.”

ओतिलियाला हसू आलं. तिनं ते दाबलं, कारण त्या कोठडीवर तिनं फार सुंदर परिच्छेद लिहिला होता, आणि त्यात ढेकणांना जागा नव्हती.

“बाई,” ती काकुळतीनं म्हणाली, “मला तुमची फक्त एक ओळ हवी आहे. दुपारची गाडी गाठायची आहे मला.”

“तुला नेहमीच दुपारची गाडी गाठायची असते.”

खरं होतं ते. या तीन वर्षांत ती कितीतरी वेळा आली. सकाळच्या गाडीनं यायची, लिहून आणलेले प्रश्न एकामागून एक विचारायची, दुपारच्या गाडीनं जायची. बाईंना त्रास नको म्हणून येताना पिशवीत पाव आणि चीज आणायची आणि स्टेशनवर एकटीनं खायची. यात आपण काही वावगं करतो आहोत असं तिला कधी वाटलं नव्हतं. उलट, हे तिनं प्रस्तावनेत नम्रपणे नोंदवलंही होतं.

स्वयंपाकघरातून गुळाचा, दालचिनीचा वास येत होता. ओतिलियानं नकळत खोल श्वास घेतला.

“वास घे हवा तेवढा,” बाई म्हणाल्या. “पाहुणे वासावरच जेवतात. त्या वाटेनं आलीस, तेव्हा तुलाही तेवढाच हक्क आहे.”

...

घंटा वाजली.

आधी एक टोला, मग टोल्यावर टोले. गावातले सगळे कुत्रे एकदम भुंकले. बाईंनी दार सताड उघडलं, फाटकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि हात हलवला. आईला म्हणाल्या, सांभाळून जा. पोरीला म्हणाल्या, धावू नकोस. पाद्रींना काय म्हणाल्या ते ओतिलियाला ऐकू आलं नाही, पण ते प्रेमळ असावं असं वाटत नव्हतं.

मग त्या परत आल्या. वेदीवरचा पाव मोडून त्यांनी अर्धा ओतिलियाच्या हातावर ठेवला.

“खा.”

तिनं खाल्ला. भुसा चावावा तसा लागला.

“चवच नाही याला.”

“कशी असेल? पाहुणे जेवून गेले.” बाईंनी भोपळ्याची फोड चाखून पाहिली. “यातही नाही. आधाशी मेला.”

मग त्यांनी बाड उचललं. नाकाशी नेलं. एक पान चाळलं, अगदी मन लावून हुंगलं, आणि ओतिलियाच्या हातात परत दिलं.

“जसंच्या तसं आहे,” त्या म्हणाल्या. “कुणी तोंड लावलेलं नाही.”

ओतिलियाच्या डोळ्यांत पाणी आलं. आधी रागाचं होतं, मग कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं. तीन वर्षं. तीन वर्षं रात्रीचा दिवस केला, आणि या म्हातारीनं नुसतं नाकाला लावून परत दिलं.

“मी एवढं केलं,” ती म्हणाली, “ते काहीच नाही का?”

बाईंनी फडक्याच्या स्वच्छ टोकानं तिचे डोळे पुसले. ती दुसरीत असताना पुसायच्या तसेच, जरा जोरात.

“पाहुणे गेले सगळे,” मग त्या म्हणाल्या. “तुझं काय? निघतेस, की थांबतेस?”

दूर खाली, दरीच्या तोंडाशी, गाडीची शिट्टी ऐकू आली. घाट चढून ती स्टेशनात यायला अजून अवकाश होता. झपाझप चाललं तर गाठता आली असती.

ओतिलियानं पिशवीकडे पाहिलं. बाडाकडे पाहिलं. छापखाना आठवला, समिती आठवली. मग ती खाली बसली आणि बूट काढू लागली. नाड्यांमध्ये झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. त्या सोडवताना तिला अचानक फार हलकं वाटलं. शाळा सुटल्यावर वाटायचं, अगदी तसं.

“थांबते,” ती म्हणाली.

“मग ऊठ. ताटं घे. मला वाकवत नाही.”

स्वयंपाकघरात दोघी जमिनीवरच बसल्या. चुलीपाशी मातीचं मोठं भांडं होतं. वेदीवरचं पाहुण्यांचं झालं होतं, पण भांड्यातलं कुणी चाखलं नव्हतं. भोपळा तोंडात टाकताच विरघळला. ओतिलिया बोटं चाटत होती आणि बाई सांगत होत्या. भांडणं सांगत होत्या, फजिती सांगत होत्या. वाचनाच्या पुस्तकात एक धडा चुकून उलटा छापला गेला, आणि पोरींना तोच सगळ्यात जास्त आवडला, म्हणून पुढच्या आवृत्तीतही तो तसाच ठेवला, हे सांगत होत्या. एकदा तापानं फणफणलेल्या पोरीजवळ रात्रभर बसून त्या सकाळी शाळेत खुर्चीतच झोपल्या, आणि पोरींनी दिवसभर आवाज न करता स्वतःच शाळा चालवली, हेही.

“ती पोर...” ओतिलियानं वेदीच्या दिशेनं पाहिलं.

“इनेस. तीच,” बाई म्हणाल्या. “मी खूप रडले होते तेव्हा. तुझी ती डोळे न ओलावल्याची ओळ खोटी आहे.”

ओतिलियानं मान हलवली. तिनं काही लिहून घेतलं नाही. पेन्सिल पिशवीतच होती आणि हात गुळानं चिकट झाले होते.

गाडी आली. थांबली. गेली.

भांडं रिकामं होत आलं. तळाशी गूळ करपून त्याचा काळपट, कुरकुरीत थर धरला होता. ओतिलियानं सहज चमचा लावला.

बाईंनी तिच्या हातावर फटका मारला.

खरोखरचा फटका. ओतिलिया बघतच राहिली. बाईंनी भांडं दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतलं, मांडीत धरलं, आणि तळ खरवडायला लागल्या. खर्र, खर्र आवाज होत होता. सत्तरी उलटलेल्या त्या बाईचे डोळे चोरून खाणाऱ्या पोरीसारखे चमकत होते.

“ही खरवड पाद्रींनाही कधी दिली नाही,” तोंडात घास असताना त्या म्हणाल्या. “भांडणाचं मूळ तेच.”

ओतिलियाला हसू फुटलं. ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिनं बाड जवळ ओढलं, दीपस्तंभाचं पान उलटून कोरी बाजू वर केली आणि चिकट हातांनीच पिशवीतून पेन्सिल काढली.

“बाई,” ती म्हणाली, “सगळं पुन्हा लिहीन मी. महोत्सव होऊन जाईल, तरी लिहीन. पण पहिल्या पानावरची ओळ तेवढी आज द्या.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग चमचा चाटून पुसून घेतला.

“घे लिहून,” त्या म्हणाल्या. “खरवड माझी. बाकी सगळं तुझं.”