आफ्रिकेला वळसा

“मग जहाजाच्या धुराचा दोष माझा कसा, बाबा?”

कप्तान इलियास पारकरचा आवाज जरा चढलाच. दाभोळच्या खाडीकाठी एका छोट्या दर्ग्यात तो हसनबाबांसमोर बसला होता. लहानपणी नमाज आणि पोहणं, दोन्ही तो त्यांच्याकडूनच शिकला होता.

लढाईमुळे तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते. म्हणून इलियासने युरोपला जाणारं आपलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून नेलं. बारा दिवसांची वाट वाढली. बावीसही खलाशी सुखरूप राहिले आणि माल पोचायला उशीर झाला तो फक्त चार दिवस. कंपनीने शाबासकीचं पत्र पाठवलं.

घरी मुलीने एवढंच विचारलं, की तेल किती जाळलं. तेव्हापासून त्याला चैन नव्हतं.

“वाट बारा दिवसांनी वाढली,” बाबा म्हणाले. “मग उशीर चारच दिवस कसा?”

“वेग वाढवला.”

वेग थोडा वाढवला तरी तेल कितीतरी जास्त जळतं, हे त्यानेच समजावून सांगितलं.

“जहाजात औषधं होती?”

“नाही.”

“धान्य?”

“नाही. खुर्च्या, पडदे... सणाच्या दिव्यांच्या माळा.”

“दिव्यांच्या माळा,” बाबांनी परत म्हटलं.

“लढाई मी सुरू केली नाही, बाबा.”

“नाहीच केलीस. वळसा लढाईमुळे पडला. घाई कोणामुळे झाली?”

इलियास उठला. सलाम करून तो निघून गेला.

पुढच्या फेरीआधी त्याने कंपनीला लिहिलं, की जहाज संथ नेईन, माल बारा दिवस उशिराच पोचेल. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं होतं. जहाज दुसऱ्या कप्तानाकडे गेलं.

तीन महिन्यांनी इलियास पुन्हा दर्ग्यात आला. या वेळी आवाज खाली होता.

“तो कप्तान भरधाव गेला, बाबा. धूर व्हायचा तेवढा झालाच. मी मात्र घरी बसलो. मग मी केलं काय?”

बाबांनी त्या कप्तानाचं नाव विचारलं.

“रियाज दर्वेश. हर्णैचा. परवाच सुट्टीवर आलाय. जहाज चालवायला माझ्याच हाताखाली शिकला.”

बाबा उठले. दाराशी जाऊन त्यांनी इलियासच्या चपला उचलल्या. तो ओशाळून धावला, पण तोवर त्यांनी त्या उंबऱ्याबाहेर, रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या होत्या.

“हर्णै इथून लांब नाही,” बाबा म्हणाले.